झिपरीचा दिवा

टाकीवरचा दिवा अर्धा गेला, तेव्हा मी आधी बघूनही न बघितल्यासारखे केले. बायको गेल्यापासून घरातल्या बऱ्याच गोष्टींचे मी असेच करतो. स्वयंपाकघरातला नळ गळतो. कपाटाचे एक दार गुडघ्याने दाबल्याशिवाय उघडत नाही. बघू कधीतरी, असे म्हणून मी पुढे जातो. नळ गळत राहिला तरी मरत नाही. टाकीत मात्र जीव आहेत.

टाकी तिची. समुद्राच्या पाण्याची. ती एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काउंटरवर बसायची. नंबरची वाट बघत बसलेल्या लोकांचा जीव रमावा म्हणून डॉक्टरांनी तिथे ही टाकी ठेवली होती. पुढे लॅब बंद झाली. खुर्च्या, पंखे, फ्रिज, सगळे कोणी ना कोणी उचलून नेले. टाकीला कोणी हात लावेना. मग ही घेऊन आली, टेम्पोतून, पाण्याने भरलेल्या बादल्यांसकट. मी शिंपी माणूस. मासे म्हणजे ताटातले आणि पोवळे म्हणजे अंगठीतले, एवढेच मला ठाऊक. "यातले हे दगड जिवंत आहेत," ती म्हणाली.

"बरं," मी म्हणालो. "भाडं देणार आहेत का?"

टाकीत दोन नारिंगी मासे होते, अजून आहेत. त्यातली मोठी ती बायको आणि बारका तो नवरा, असे तिने मला सांगितले. बारका दिवसभर मोठीच्या मागे मागे फिरतो.

"बिचारा," मी म्हणालो.

"बिचारा कसला? वेळेवर खायला मिळतंय, डोक्याला ताप नाही. तुमच्यासारखाच सुखात आहे."

आणि एक प्रवाळ. ते आणले तेव्हा करंगळीएवढे होते. खाली दगडाची फांदी आणि फांदीच्या टोकाला मऊ, हिरव्या बोटांचा झुपका. पाणी हलले की बोटे हलायची. कधी विंचरले नसावे असे दिसायचे, म्हणून तिने त्याचे नाव झिपरी ठेवले. झिपरीला पुढे फांद्या फुटत गेल्या आणि टाकीची उजवी बाजू तिने सगळी धरली. पाहुणे आले की बायको मुलीच्या आधी झिपरीचे सांगायची. मुलगी यावरून तिला चिडवायची, "आई, लग्नात तिलाच करवली करायची होतीस."

कामाची वाटणी ठरलेली होती. पाणी माझे, मीठ तिचे. मी गाळलेल्या पाण्याच्या बादल्या उचलून आणायच्या, तिने त्यात समुद्राचे मीठ घालून ढवळायचे. खारटपणा मोजायची एक काचेची नळी आहे, पण ती आधी बोट बुडवून जिभेला लावायची आणि भाजीचे सांगावे तसे सांगायची, "अळणी आहे." मग नळीत बघायचे. अळणीच असायचे.

आता पाणीही माझे आणि मीठही माझे. टाकीतले पाणी रोज थोडे उडते, ते भरावे लागते. काचेवर शेवाळ धरते. कडेला मिठाचा पांढरा थर चढतो, तो ओल्या फडक्याने पुसावा लागतो. दुकानातून आलो की पाठ धरलेली असते, आणि मी टाकीकडे बघतो आणि टाकी माझ्याकडे. कधी कधी वाटायचे, हिला जायचे होते तर ही टाकीही बरोबर का नेली नाही.

तर, दिवा गेला तो नेमका उजवीकडून. डावीकडे निळसर उजेड आणि उजवीकडे संध्याकाळ. पहिले एक-दोन दिवस झिपरीने काही दाखवले नाही. मग तिची बोटे आखडायला लागली. थंडीत हात अंगाशी घ्यावेत तशी ती दगडाला चिकटून बसली. आता बघूनही न बघितल्यासारखे करता येईना.

मेहुण्याला फोन केला. बायकोचा धाकटा भाऊ. तिने त्याचे नाव सवलत ठेवले होते, कारण त्याच्या घरातली एकही वस्तू पूर्ण किमतीत आलेली नाही. तो त्याच संध्याकाळी आला, टाकीवर वाकला, दिव्याला दोन टिचक्या मारल्या.

"गेला," तो म्हणाला.

"ते मलाही दिसतंय."

"भाऊजी, दिवा तो दिवा. माझ्या ओळखीचा आहे एक जण, दुकानांच्या पाट्यांना दिवे लावतो. तो असली पट्टी अशी आणून देईल." त्याने चुटकी वाजवली. "मासेवाल्यांच्या दुकानात जाऊ नका. ते माशाचं नाव घातलं की चौपट लावतात."

"पण हिला निळा उजेड लागतो म्हणे."

"निळा कागद लावू."

मी त्याला चहा दिला. चहा पिताना तो बहिणीच्या खुर्चीत बसला नाही. मोकळी असूनही बसला नाही, बाजूच्या स्टुलावर बसला. म्हणून त्याच्या निळ्या कागदावर मी काही बोललो नाही.

मुलगी दुसऱ्या शहरात असते. तिची आई गेल्यावर ती मला तिच्याकडे घेऊन गेली होती. घर भरलेले, जावयाचे आईवडील, नातवंडे, टीव्ही मोठ्याने. सगळे माझ्याशी चांगले वागत होते, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत. मी आठवड्यात परत आलो. तिला वाईट वाटले. आता तिला फोनवर दिव्याचे सांगितले तर ती म्हणाली, "बाबा, रागवू नका. टाकी देऊन टाका ना कुणाला तरी."

"कुणाला देऊ?"

"जिथून आई सामान आणायची ती बाई घेईल. तिचा तो धंदाच आहे. तुमच्यानं होत नाही आता."

"होत नाही असं कोण म्हणतं?"

"तुमचा आवाज म्हणतो."

मी फोन ठेवला. राग आला तो तिचे ऐकून नाही. तेच माझ्या मनात होते, म्हणून आला.

ती बाई म्हणजे शोभेच्या माशांचे दुकान चालवते ती. बायको तिला 'न खायच्या माशांची मासेवाली' म्हणायची, तोंडावरसुद्धा. दुकान तळघरात आहे. पायऱ्या उतरल्या की सगळीकडे टाक्यांचा उजेड आणि पाण्याची बुडबुड. मी बायकोबरोबर दोन-चार वेळा गेलो होतो, पिशव्या धरायला. बाईने मला ओळखले. "या काका," म्हणाली, आणि एका टाकीची काच पुसायला लागली. काच स्वच्छच होती.

मी दिव्याचे सांगितले. तिने दोन दिवे काढून एकाच रिकाम्या टाकीवर लावून दाखवले. एक स्वस्तातला, एक महागातला.

मला तर स्वस्तातलाच जास्त लख्ख वाटला. तसे मी म्हणालो.

"सगळ्यांनाच वाटतो," ती म्हणाली. "तो आपल्या डोळ्यासाठी केलेला आहे. पांढरा उजेड भरपूर. प्रवाळाला जो निळा लागतो तो यात कमी, आणि आहे तोही मध्यावर पडतो, कडेला पोचत नाही. आणि हळूहळू मंद होत जातो, तुम्हाला कळणारही नाही. महागातल्याचा उजेड कोपऱ्यापर्यंत सारखा पडतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो."

मी दोन्ही दिव्यांखाली हात धरून बघितला. माझ्या दुकानात गिऱ्हाईक कापड निवडायला लागले की मी म्हणतो, दारात नेऊन बघा. ट्यूबलाइटखाली काळा आणि गर्द निळा सारखेच दिसतात. उन्हात नेले की कापड खरे बोलते. इतकी वर्षे मी डोळ्यावरच पोट भरले आहे. इथे डोळा उपयोगाचा नव्हता आणि दारात न्यायची सोय नव्हती.

"स्वस्तातला अजिबातच चालत नाही का?" मी विचारले.

"चालतो की. खोटं कशाला सांगू? रोज कित्येक जण नेतात." मग तिने विचारले, "तुम्हाला टाकी किती वर्षं ठेवायचीय?"

हाच प्रश्न मी रोज विचारतो. कोटाला अस्तर लावायचे असले की गिऱ्हाइकाला म्हणतो, किती वर्षे वापरायचा आहे ते सांगा, त्याप्रमाणे अस्तर लावू. लग्नापुरता कोट असेल तर साधे अस्तर पुरते. लोक चटकन उत्तर देतात. मला देता आले नाही.

खरे सांगायचे तर माझ्या मनात वेगळेच चालले होते. स्वस्तातला दिवा घेतला तर झिपरी एकदम जाणार नाही. हळूहळू जाईल. कोणी म्हणणार नाही की मी दिवा आणला नाही. मुलीला सांगता येईल, आणला होता गं, पण काय झाले कोणास ठाऊक. मग मासे या बाईला देऊन टाकायचे, टाकी धुऊन गच्चीवर ठेवायची. टाकी द्यायला मन होत नव्हते आणि ठेवायला अंगात बळ नव्हते. स्वस्तातल्या दिव्याने दोन्ही प्रश्न न बोलता मिटले असते.

"स्वस्तातलाच बांधा," मी म्हणालो.

तिने खोके काढले. दिवा आत ठेवता ठेवता, मला बरे वाटावे म्हणूनच असेल, ती म्हणाली, "काकूंनीही मागच्या वेळी हाच नेला होता. मी त्यांना महागातला दाखवला, किती सांगितलं. पण त्या म्हणाल्या, वर्ष-दीड वर्ष चालला तरी पुरे. पुढचं त्यांचं ते ठरवतील."

"कोण?"

"अं?"

"कोण ठरवेल म्हणाली?"

"तुम्हीच की," ती म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आले की हे मला माहीत नव्हते. हातातली चिकटपट्टी तशीच राहिली.

तो दिवा तिने घरी आणला तो दिवस मला आठवतो. "स्वस्तात मिळाला," म्हणाली होती. मी म्हणालो होतो, "शोभतेस खरी सवलतची बहीण." ती हसली होती. जन्मभर लोकांच्या हातात रिपोर्टची पाकिटे देत आलेली बाई. स्वतःचे पाकीट तिने मला दाखवायच्या आधी उघडले असणार, आणि त्यातले आकडे तिला डॉक्टरांइतकेच कळले असणार. मग ती या पायऱ्या उतरून इथे आली आणि तिने हिशेबाने दिवा घेतला. स्वतःच्या वेळेपुरता. पुढे माझ्या गळ्यात पडू नये म्हणून.

मला रडू आले नाही. राग आला. तिने सगळेच असे करून ठेवले होते. तिचे कपडे कुणाला द्यायचे, बँकेत कुणाचे नाव लावायचे, सगळे. आणि हे एवढे एकच माझ्यावर सोडले होते. तेही मी आता तिच्यासारखेच, तिच्याच खोक्यात बांधून न्यायला निघालो होतो.

"हा नको," मी म्हणालो. "तो दुसरा द्या."

"काका, सावकाश विचार करा. महाग आहे तो."

"विचार करून झाला."

त्या किमतीत दुकानाला कापडाच्या कडा शिवायचे नवे मशीन आले असते. मी दिवा घेतला. बांधताना बाई बरेच काही सांगत होती, कसा लावायचा, फोनमध्ये काय घालायचे. मी मान हलवत होतो. ऐकत नव्हतो.

दिवा लावायला सवलतला बोलावले. किंमत ऐकून तो त्या रिकाम्या खुर्चीत बसला आणि लगेच उठला.

"भाऊजी, तुम्ही कुणाला तरी सोबत न्यायला हवं होतं."

"लाव आधी."

या दिव्याला बटण नाही. फोनवरून चालतो. माझ्या फोनला ते झेपेना, म्हणून सवलतने ते आपल्या फोनमध्ये घातले. दिवा पेटला, पण अगदी बेताचा.

"हे बघा," तो म्हणाला. "हा आपोआप कमीवर चालू झालाय. इथे लिहिलंय, हळूहळू वाढवा."

"मग?"

"मग काय? पैसे पूर्ण दिलेत ना? मग उजेड अर्धा कशाला घ्यायचा?" आणि त्याने बोट सरकवले ते शेवटपर्यंत.

मला ते पटले. खरेच पटले. खोली अशी उजळली की समोरच्या भिंतीवर पाण्याच्या लाटा हलायला लागल्या. मासे दगडामागे पळाले. झिपरी हिरवीगार दिसली, इतकी हिरवी मी तिला कधी पाहिली नव्हती. माझ्या तोंडून निघून गेले, "बघ."

"बघतोय की," सवलत म्हणाला.

मी त्याला बोललो नव्हतो. तेही त्याच्या लक्षात आले असावे. त्याने स्टूल जागेवर ठेवले आणि निरोप घेतला.

पुढच्या काही दिवसांत झिपरीचा रंग गेला. आधी वाटले, उजेड जास्त म्हणून फिकी दिसत असेल. मग हिरव्याची राख झाली. बोटे बाहेर येईनात. एका फांदीवरचे मांस सुटून लोंबायला लागले आणि एका सकाळी ती फांदी नुसतीच पांढरी होती, हाडासारखी. मी टाकीसमोर उभा राहिलो आणि दुकान उघडायला उशीर झाला. महागातला दिवा घेऊनही व्हायचे तेच झाले होते. उलट वेळेआधी झाले होते.

मासेवालीला फोन केला.

"दिवा किती वर ठेवलाय?" तिने पहिले हेच विचारले.

"पूर्ण."

ती म्हणाली, "काका, मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं."

"सांगितलं असेल."

"अहो, तो जुना दिवा रोज थोडा थोडा मंद होत आलेला. ती त्याच अंधाराला सरावलेली. त्यात शेवटी अर्धा दिवा गेलेला. आणि तुम्ही तिला उचलून भर दुपारच्या उन्हात ठेवलंत. भाजली ती."

"मग आता?"

"आधी दिवा कमी करा."

सवलतला फोन लावला. तो मित्राच्या मुलीच्या लग्नाला दूर गेला होता. मागे बँड वाजत होता.

"भाऊजी, तो दिवा माझ्या फोनशी जोडलाय!" तो ओरडून सांगत होता. "घरात असलो तरच ऐकतो! मी परवा येतो!"

"तोवर काय करू?"

"टाकीवर छत्री धरा!"

त्याची थट्टा मला सोसली नाही आणि मी फोन ठेवला. पण छत्री शब्द डोक्यात राहिला. मासेवालीला परत लावला. विचारले, वरून काही झाकले तर चालेल का.

"चालेल की. जुने लोक तेच करायचे. पाण्यावर नाही, चौकटीवर जाळी टाकायची, तीन-चार पदर. मग थोड्या थोड्या दिवसांनी एक एक पदर काढत जायचा. डोळे उघडू द्यायचे तिला सावकाश. मच्छरदाणीची जाळी असली तरी चालेल."

"जाळी आहे माझ्याकडे," मी म्हणालो.

लहान मुलींच्या फ्रॉकचा घेर फुगावा म्हणून आतून कडक जाळी लावतात. दुकानात तिचा तागा असतो. पांढरी, काळी आणि राखाडी. मी राखाडी घेतली. आधी एक तुकडा मिठाच्या पाण्यात भिजवला आणि पांढऱ्या फडक्यावर घासला, रंग सुटतो का ते बघायला. सुटला नाही. टाकीचे माप दोरीने घेतले होते. चार पदर कापले. कापलेल्या जाळीचे दोरे सुटून पाण्यात पडतात, म्हणून चारही पदरांना कडेने बारीक पट्टी दुमडून शिवली. प्रत्येकाच्या एका कोपऱ्याला कापडाचा बंद लावला, म्हणजे खालचे न हलवता वरचा एकच ओढून काढता येईल. माझे जुने गिऱ्हाईक, बँकेतला साहेब, पँटची उंची कमी करायला आला होता. त्याने विचारले, "कोणाचा फ्रॉक आहे? फारच चपटा दिसतोय."

"आहे एकीचा," मी म्हणालो. "उन्हानं भाजली आहे."

त्याला काही कळले नाही. मला मात्र बायको गेल्यापासून पहिल्यांदा एखादे काम वेळ घालवण्यासाठी न करता ते व्हावे म्हणून केल्यासारखे वाटले. चार साध्या शिवणी, पण मी एक उसवून परत घातली.

जाळी टाकली तशी खोली पुन्हा मंद झाली. मासे बाहेर आले.

सवलत लग्नाहून आला तो थेट घरी. तोंड उतरलेले. बहिणीची वस्तू आपण बिघडवली, असे त्याला वाटत असणार. "थांबा, आता कमी करतो," म्हणून त्याने फोन काढला.

"राहू दे," मी म्हणालो. "जाळी बसली आहे. दोन्हीकडून ओढाताण नको तिची."

"मी म्हणालो होतो, पट्टी लावू."

"म्हणाला होतास."

"पट्टीनं भाजली नसती."

"नसती. चहा ठेवू?"

चहा पिऊन झाल्यावर त्याने टाकीच्या काचेवरचे मीठ आपणहून पुसले. त्याला जमत नाही, चरे पाडतो, पण मी पुसू दिले.

त्यानंतर काही दिवस झिपरी तशीच होती. ना इकडे ना तिकडे. मी सकाळी दुकानात जायच्या आधी आणि आल्यावर बघायचो. नारिंगी नवराबायकोचे रोजचे चालू होते, ती पुढे, तो मागे. वरचा पदर काढायची वेळ आली तेव्हा माझा हात धजेना. अजून एक-दोन दिवस राहू दे, असे करत करत मी तो ठरल्यापेक्षा उशिरा काढला. काही बिघडले नाही.

दुसरा पदर काढला त्याच आठवड्यात मुलगी आली. एकटीच. पिशवी ठेवता ठेवता तिचे टाकीकडे लक्ष गेले.

"बाबा, हे काय? माशांना डास चावतात?"

"दिवा चावतो. जाळी उचलू नकोस."

ती टाकीसमोर बसली. आईच्या खुर्चीत. बसताना तिने विचार केला नाही, आणि मला वाटले होते तितके ते मला लागले नाही. ती बराच वेळ बघत होती. पांढरी पडलेली फांदी तिला दिसली. त्यावर आता तपकिरी शेवाळ धरले होते.

"गेली ना झिपरी?" ती म्हणाली.

"एक फांदी गेली. दुसरी जाण्यात आहे. मागच्या बघ."

मागच्या फांद्यांना टोकाशी बोटे होती. आखूड, फिकी, तान्ह्या मुलाच्या जावळासारखी विरळ. पण पाणी हलले की हलत होती.

मग ती म्हणाली, "मी त्या बाईंशी बोललेय. त्या सगळं न्यायला तयार आहेत. मासे, झिपरी, दगड. माणसं पाठवतील. तुम्हाला काही करावं लागणार नाही." आणि जरा थांबून, "बाबा, तुम्ही दमलात हो."

"दमलोय."

"मग?"

"दमलोय म्हणजे दमलोय. टाकी गेली की माझं दमणं जाणार आहे का? मग मी दुकानातून येऊन त्या भिंतीकडे बघत दमेन."

मग मी तिला दिव्याचे सांगितले. जुना दिवा तिच्या आईने किती दिवसांच्या हिशेबाने घेतला होता ते. ते तिलाही माहीत नव्हते. तिने तोंड फिरवले आणि बराच वेळ काचेच्या कोपऱ्यातले मीठ नखाने खरवडत राहिली.

"म्हणजे आईनं तुम्हाला मोकळं केलं होतं," शेवटी ती म्हणाली.

"केलं होतं."

"आणि तुम्ही वर्षानुवर्षं चालणारा दिवा घेऊन आलात."

"तुझ्या मामानं तो पहिल्याच दिवशी फुल सोडला."

ती हसली. रडत रडतच हसली, तिच्या आईची सवय. नाक पुसून म्हणाली, "किती वर्षं करणार आहात हे?"

तळघरात मला हाच प्रश्न सुटला नव्हता. आताही वर्षांचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मी बंद धरून जाळीचा कोपरा तिला दाखवला.

"अजून दोन पदर आहेत वर," मी म्हणालो. "ते काढेपर्यंत तर कोणी घरात पाहिजे. पुढचं तेव्हा बघू."

"आणि त्या बाईंना काय सांगू?"

"सांग, माणसं पाठवू नका. मिठाची पिशवी पाठवा. संपत आलीय."

तिने फोन काढला आणि खरोखरच तसे सांगितले.

पाणी बदलायचा दिवस होता. मी स्वयंपाकघरातून बादली उचलली. पाठीने नेहमीप्रमाणे बोंब मारली. नळ गळत होता, त्याच्या बाजूने बादली काढताना बाही भिजली. मी बादली टाकीपाशी आणून ठेवली तर मुलगी बाह्या वर करून उभी होती, हातात मिठाचे माप.

"किती घालू?"

"दोन मापं. मग ढवळ. खाली बसतं ते."

तिने मीठ घातले, लाकडी काठीने ढवळले. पाणी आधी दुधासारखे झाले आणि मग हळूहळू निवळले. तिने बोट बुडवून जिभेला लावले आणि डोळे मिटून घेतले.

"शी! किती खारट!"

"समुद्र आहे तो. बरोबर झालंय की अळणी?"

"मला काय कळतंय? तुम्ही बघा चाखून."

मीही बोट बुडवून चाखले. मला पाणी खारट लागले, बस. यापुढचे कळणारी जीभ आमच्या दोघांकडेही नव्हती.

"कपाटात काचेची नळी आहे," मी म्हणालो. "दार गुडघ्यानं दाब, मग उघडेल. आणि माझा चष्मा आण."